एका ओळीत सगळ्या गाड्या

मोजलं! सगळ्या हंगामांचं मोजलं, तेही एका ओळीत!

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये मी काट्याचा हिशेब सांभाळतो. आर्णी, दारव्हा, मानोऱ्याकडून कापूस येतो. गाडी काट्यावर चढली की संगणकात एक ओळ पडते : गाडी नंबर, गाव, शेतकरी, वजन. दिवसाची एक फाइल, महिन्याचं फोल्डर, त्यावर वर्षाचं. म्हणजे ओळी मोजल्या की गाड्या मोजल्या! आजवर हे काम मी फाइल उघड, आकडा वहीत टीप, फाइल बंद कर, असं करत आलो.

काल लिनक्सवर ‘फाइंड’ चालवलं. ते फोल्डरात शिरतं, त्याच्या पोटातल्या फोल्डरात शिरतं, आणि सांगू त्या नमुन्याच्या फायली हुडकून आणतं. त्या ‘कॅट’ने सलग ओतायच्या आणि पाइपमधून ओळी मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी’कडे सोडायच्या. हे ‘डब्ल्यूसी’ १९७१च्या पहिल्या युनिक्सपासूनचं! आणि तो पाइप! बागेच्या नळ्या जोडाव्यात तसे प्रोग्रॅम जोडता यावेत, हे डग मॅकिलरॉय यांनी १९६४मध्येच लिहून ठेवलं होतं. १९७३मध्ये केन थॉम्प्सन यांनी ते करून दाखवलं. किती देखणी कल्पना!

पण आकडा वहीशी जुळेना. कारण कळलं तेव्हा तर मी उभाच राहिलो. ‘डब्ल्यूसी’ खरं तर ओळी मोजत नाही, एंटर मोजतं. फाइलच्या शेवटच्या गाडीनंतर एंटर नसेल, तर ती गाडी गेली! उलट रकान्यांच्या नावांची पहिली ओळ मात्र गाडी म्हणून धरली जाते.

मग सापडलं ‘ऑक’. १९७७चं, अॅहो, वाइनबर्गर आणि कर्निगन या तिघांच्या आद्याक्षरांचं. त्याला शेवटची ओळ एंटरविनाही दिसते. प्रत्येक फाइलीत ओळींचे क्रमांक ते नव्याने एकपासून लावतं, म्हणून ‘पहिली सोड, रिकामी सोड, बाकी मोज’ एवढंच सांगायचं. ‘फाइंड’नेच फायली त्याच्या हाती दिल्या, त्यामुळे नावात मोकळी जागा असलेल्या फायलीही नीट आल्या. एंटर दाबलं आणि वहीतलाच आकडा पडद्यावर! काट्यावरचे काका वाकून म्हणाले, “झालं बी का बाप्पा?”

झालं, काका! आणि आता तर ‘बाकी मोज’च्या जागी ‘वजनाचा रकाना मिळव’ लिहिलंय. तीच ओळ क्विंटल सांगतेय!