कूबर पेडीची सहाण

हिरा, माणिक, पाचू, नीलम ही आपल्या घरातली जुनी, वडीलधारी रत्ने. ओपल हा त्या मानाने उशिरा आलेला पाहुणा. शुक्र दुर्बळ असला की ज्योतिषी हिरा वापरायला सांगतात, आणि हिऱ्याची किंमत ऐकून यजमानांचा चेहरा उतरला की ‘ओपल चालेल’ असा तोडगा काढतात. अशा रीतीने हा पाहुणा आपल्या बोटांवर येऊन बसला. गंमत अशी की, नावाने तो आपलाच आहे. संस्कृतात ‘उपल’ म्हणजे दगड. हाच शब्द ग्रीक आणि लॅटिन भाषांतून फिरत फिरत इंग्रजीत ‘ओपल’ झाला, असे बहुतेक भाषापंडित मानतात. नाव आपले असले, तरी रत्नाचे खरे माहेर दूर दक्षिण गोलार्धात, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात आहे. त्या माहेरचे एक गाव पाहण्याचा योग आम्हांला आला. गावाचे नाव कूबर पेडी.

अॅडिलेडहून हे गाव 846 किलोमीटर. पोर्ट ऑगस्टापर्यंत समुद्राची, शेतांची सोबत असते. तिथून स्टुअर्ट महामार्ग उत्तरेकडे वळतो आणि मग जमीन तांबडी होत जाते, झाडे खुजी होत जातात आणि शेवटी नाहीशीच होतात. ग्लेंडांबो नावाच्या ठिकाणी पेट्रोल भरून घेतले, तर पुढच्या सुमारे अडीचशे किलोमीटरांत दुसरा पंप नाही. चहाची टपरी तर नाहीच नाही! एवढा प्रवास झाल्यावर क्षितिजावर पांढुरकी, गुलाबी वारुळे दिसू लागतात. एक नाही, दोन नाही, नजर पोहोचेल तिथवर. जवळ गेल्यावर कळते, की ही मुंग्यांची नव्हेत, माणसांची वारुळे. प्रत्येक ढिगाऱ्याशेजारी एक खोल, उघडी विहीर असते. रस्त्याच्या कडेला पाटी आहे : पळू नका, आणि मागे पाहात उलटे चालू नका. फोटो काढताना ‘जरा मागे सरका’ म्हणण्याची आपली सवय इथे जिवावर बेतायची.

या गावाचा जन्म एका पोरामुळे झाला. 1915 साली सोन्याच्या शोधात निघालेल्या एका छोट्या टोळीबरोबर विली हचिसन हा चौदा वर्षांचा मुलगा होता. सोने मिळेना, पाणीही संपत आलेले. 1 फेब्रुवारीला हा पोरगा पाणी शोधायला गेला आणि ओपलचे तुकडे घेऊन आला. पुढे पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक इथे आले. खंदकात राहण्याची सवय झालेली ती माणसे. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर चढू लागताच त्यांनी टेकड्या कोरून घरे केली. 1920 मध्ये गावाला नाव मिळाले, तेही इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या ‘कूपा पीटी’ या शब्दांवरून. त्याचा अर्थ ‘गोऱ्या माणसाचे बीळ’ असा सांगतात. नाव ठेवणाऱ्यांची विनोदबुद्धी दांडगी म्हणायची! त्याच आदिवासींपैकी टॉटी ब्रायंट नावाच्या बाईला 1946 साली गावाबाहेरच्या ‘एट माइल’ भागात ओपलचा मोठा साठा सापडला आणि मरगळलेले गाव पुन्हा उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून ग्रीक, सर्ब, क्रोएशियन, इटालियन माणसे नशीब काढायला इथे आली.

अजूनही अर्धे गाव जमिनीखाली राहते. बाहेर अंगाची लाही होत असताना आत पंचविसाच्या आसपासचा सुखद गारवा. पांढऱ्या-तांबूस दगडाच्या भिंती, त्यांवर खोदयंत्राच्या दातांची वर्तुळाकार नक्षी. देवळेही तशीच, सर्ब लोकांचे भूमिगत चर्च पाहताना आम्हांला वेरुळची आठवण झाली. गोल्फचे मैदान आहे, पण त्यावर गवताचे पातेही नाही. खोली वाढवायची तर गवंड्याला बोलवायचे नाही, भिंत खणायची. आणि खणताना भिंतीतच ओपल सापडल्याच्या गोष्टी इथे घरोघरी ऐकायला मिळतात.

खाणकामाचे सांगायचे तर तो सरळसरळ जुगार आहे. मोठमोठ्या यंत्रांनी मीटरभर रुंदीच्या विहिरी पाडायच्या, खाली आडवे बोगदे खणायचे, आणि ट्रकवर बसवलेल्या प्रचंड पंख्याने आतला राडारोडा शोषून वर काढायचा. ओपल नेमका कुठे असेल हे सांगणारे खात्रीचे साधन नाही. महिनोन् महिने काही मिळत नाही आणि एखाद्या सकाळी वर्षाची कमाई हाती लागते. पण आमच्या मनात घर करून राहिला तो याच्या पुढचा भाग. सापडलेला ओपल म्हणजे अजून रत्न नव्हे. पोटरीएवढा असो की बोराएवढा, तो मळकट दगडच असतो. त्याचे रत्न होते ते घासणाऱ्याच्या हाताखाली; आणि कित्येकदा त्याची माती होते तीही तिथेच.

असा एक कारागीर आम्हांला भेटला. वय पंचाहत्तरीच्या घरात, जन्माने सर्ब, बोटांची टोके दगडाबरोबर झिजून गुळगुळीत झालेली. त्याची कार्यशाळा म्हणजे डोंगरात कोरलेली एक अरुंद खोली. भिंतीला लागून एक लांब बाक, त्यावर एका दांड्यात ओळीने बसवलेली पाच-सहा चाके, प्रत्येक चाकावर पाण्याची बारीक धार. आम्हांला पाहताच आमच्या घरच्या मंडळी म्हणाल्या, “अहो, या तर सहाणी!” आणि खरोखरच ते वर्णन इतके चपखल होते, की पुढचे सारे आम्हांला त्या एका शब्दाने उलगडत गेले.

पहिले काम डोळ्यांचे. दगड पाण्यात बुचकळून दिव्याखाली फिरवायचा. ओपलमध्ये रंग सगळीकडे नसतो. बहुधा तो पट्टीसारखा एका थरात असतो आणि त्याच्या वरखाली ‘पॉच’ म्हणून ओळखला जाणारा, त्याच जातीचा पण रंगांचा खेळ नसलेला थर असतो. ती पट्टी कोणत्या दिशेने गेली आहे, तिचा चेहरा कोणता आणि कड कोणती, हे ओळखल्याशिवाय दगड यंत्राला लावायचा नाही. मग हिऱ्याची पूड बसवलेल्या पातळ पोलादी पात्याने, पाण्याच्या धारेखाली, पट्टीला समांतर काप घ्यायचा. पात्याच्या जाडीएवढा ओपल प्रत्येक कापात गाळ होऊन वाहून जातो; म्हणून पाते जितके पातळ तितके चांगले.

त्यानंतर चाके. पहिले खरखरीत, मग पायरीपायरीने मऊ. चाकाचा आकडा जितका मोठा तितके त्याचे कण बारीक : 220, मग 600, मग 1200, मग 3000. पूर्वी ही चाके कार्बोरंडमची, म्हणजे आपल्याकडच्या कुरुंदाच्या दगडासारखी असत. आता हिऱ्याची पूड लावलेली वापरतात. आधी पाठ सपाट करायची. मग लाख-मेणाच्या मिश्रणाने दगड एका बोटभर काडीच्या टोकाला चिकटवायचा, म्हणजे तो हवा तसा फिरवता येतो. ओपलला हिऱ्यासारखे पैलू पाडीत नाहीत. त्याला घुमट देतात. रंग त्या घुमटाखालून मोकळेपणाने फिरतो.

पाणी एवढे कशासाठी, असे आम्ही विचारले. म्हाताऱ्याने हातातला दगड ओठाला टेकवला. “हा असा थंड लागला पाहिजे,” तो म्हणाला. “कोमट लागला की हात मागे.” ओपलच्या पोटातच पाणी असते, वजनाच्या शेकडा तीन ते दहा भागांपर्यंत. घासताना दगड तापला, तर क्षणात चरा जातो. शिवाय कोरड्या घासण्याने उडणारी दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. पाण्यामुळे कारागीरही वाचतो.

मात्र पाणी फसवतेही. ओल्या दगडावर ओरखडे दिसत नाहीत, तो पुरता झिलई दिल्यासारखा चमकतो. म्हणून प्रत्येक चाकानंतर दगड फडक्याने कोरडा करून भिंगाखाली पाहायचा आणि आधीच्या चाकाचा एक जरी ओरखडा उरला असेल तर पुढे जायचे नाही. शेवटी नमद्याच्या किंवा चामड्याच्या चाकावर सीरियम ऑक्साइडची गुलाबी पूड पाण्यात कालवून लावतात. आरशाची काच चमकवायला वापरतात तीच ही पूड. दोन-चार मिनिटे झाली, की मळकट कवडीतून हिरवी, निळी, केशरी ठिणगी उठते.

हे रंग येतात कोठून? 1964 साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओपल पाहिला, तेव्हा उलगडा झाला. ओपल म्हणजे वाळूतलाच सिलिका. पण इथे त्याच्या अतिसूक्ष्म गोळ्या, फळवाल्याने मोसंबी रचावीत तशा, थरावर थर रचलेल्या असतात. गोळ्या सारख्या आकाराच्या आणि रचना नीट असेल तरच प्रकाशातले रंग सुटे होतात. गोळ्या लहान तर निळा, मोठ्या तर तांबडा. मोठ्या गोळ्यांची अशी नीट रचना क्वचितच होते, म्हणून तांबडा ओपल सर्वांत महाग. रचना विस्कटलेली असेल तर उरतो तो नुसता पॉच.

आम्ही तिथे असतानाच एक तरुण खाणवाला आला. दोन वर्षे भागीदारीत खणून हाती आलेला अंगठ्याएवढा एक दगड त्याने महिन्यापूर्वी घासायला दिला होता. म्हाताऱ्याने तो काडीसकट पुढे केला. वर चांगला हिरवा रंग खेळत होता. पण कड दिव्याकडे धरली की हिरव्याच्या खाली केसाएवढी तांबूस रेघ दिसत होती. हिरवा थर घासून काढला, तर खाली तांबडा उघडा पडेल आणि किंमत कितीतरी पटींनी वाढेल. किंवा ती रेघ कडेपुरतीच असेल, आत पॉच किंवा वाळू निघेल, आणि हिरवाही गेलेला असेल. मध्ये अंतर अर्ध्या मिलिमीटरचे.

“तुम्ही काय कराल?” तरुणाने विचारले.

“मी घासणारा. दगड तुझा आहे,” म्हातारा म्हणाला. “पण एक ध्यानात धर. घासलेले परत लावता येत नाही.”

तरुण बराच वेळ तो दगड फिरवीत राहिला. घरी त्याची बायको होती, ट्रकचे हप्ते होते, आणि भागीदाराला आज संध्याकाळी उत्तर द्यायचे होते. शेवटी त्याने दगड परत दिला आणि म्हटले, “झिलई द्या.” म्हाताऱ्याने काही न बोलता गुलाबी पुडीचे चाक सुरू केले. त्या हिरव्याखाली तांबडा होता की नव्हता, हे आता कोणालाही कळायचे नाही. तरुण गेल्यावर आम्ही म्हाताऱ्याला खोदून विचारले. तो हसून म्हणाला, “मी तरुणपणी बहुतेक वेळा खाली गेलो. म्हणून तर अजून दुसऱ्यांचे दगड घासतो आहे.”

चंदन जितके उगाळावे तितका त्याचा सुगंध दरवळतो, असे आपण म्हणतो. ओपलचे तसे नाही. त्याच्या कारागिराचे कसब घासण्यात जितके, तितकेच थांबण्यात असते. 1956 साली मेलबर्नला ऑलिंपिक भरले, त्याच वर्षी इथल्या ‘एट माइल’ भागात सतरा हजार कॅरटचा, म्हणजे जवळजवळ साडेतीन किलोंचा ओपल निघाला. त्याचे नाव ‘ऑलिंपिक ऑस्ट्रेलिस’. तो दुर्मीळ म्हणून न कापता, जसा निघाला तसाच जपून ठेवला गेला. त्याच्यापुरता थांबण्याचा निर्णय पहिल्या चाकाआधीच झाला!

आता घरच्या मंडळींसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. ओपल विकत घेताना तो कडेने पाहावा. अखंड दगड असेल तर थर नैसर्गिक, वेडेवाकडे जातात. सरळ रेघ दिसली, तर तो बहुधा ‘डब्लेट’ असतो, म्हणजे रंगाचा पातळ पापुद्रा काळ्या दगडावर चिकटवलेला. त्यावर पुन्हा काचेचा किंवा स्फटिकाचा घुमट असला, तर तो ‘ट्रिप्लेट’. दोन्ही दिसायला सुरेख असतात, घेण्यात लबाडी नाही. पण अखंड दगडाची किंमत मोजू नये आणि ते पाण्यात भिजवू नयेत, कारण सांधा सुटतो. 2008 च्या सुमारास इथिओपियाच्या वोलो भागात मोठे साठे सापडल्यापासून तिकडचा ओपल जयपूरला घासला जातो आणि आपल्या बाजारात बराच दिसतो. तोही खराच, मात्र त्यातला पुष्कळसा ओपल पाणी पितो आणि ओला असेपर्यंत त्याचा रंग मावळतो. आणखी एक : ओपल काचेएवढाच कठीण, आणि घरातल्या साध्या धुळीतले कण त्याहून कठीण. तेव्हा भांडी घासताना अंगठी काढून ठेवावी. शुक्राला त्याचा राग येणार नाही.

आपल्या घरी अशी अंगठी असेल, तर एकदा ती खिडकीपाशी उजेडात धरून आडवी पाहावी. घुमटाची उंची पाहावी. कूबर पेडीतल्या किंवा जयपुरातल्या कोणा अनामिक माणसाने, चाक फिरत असताना, नेमक्या त्या जागी हात मागे घेतला म्हणून तो रंग आपल्यापर्यंत पोहोचला.