सायकलची वही

शेतीखात्यात नोंदीवाचून पान हलत नाही. पाऊस किती मिलिमीटर झाला, पीक कापणी प्रयोगात भात किती किलो भरले, सारे कागदावर. तीच सवय मी सायकलीला लावली. गेली वीस वर्षे दर रविवारी सकाळी कल्याणहून रायत्याच्या पुलापर्यंत जातो आणि वहीत लिहितो : लागलेली मिनिटे, वाऱ्याची दिशा, रात्रीची झोप आणि नाडी, एकदा उतरल्याबरोबर, एकदा पाच मिनिटांनी.

पस्तिशीत मला ३६ मिनिटे लागत, पन्नाशीत ४२. यात खंत करण्यासारखे काही नाही. तिशीनंतर दमश्वास दर दहा वर्षांनी साधारण दहावा हिस्सा घटतो; सराव ठेवला तर त्याहून कमी. वही अशी हळूहळू होणारी उतरण दाखवते. एकाएकी झालेली पडझडही तीच दाखवते. हळूहळू पिवळे पडणारे पान आणि एका रात्रीत मान टाकणारे रोप, दोन्हींना आपण एकच औषध देतो का?

चौपन्नाव्या वर्षी तसेच झाले. पाच मिनिटांत नव्वदीवर येणारी नाडी लागोपाठ तीन रविवार ११० वरच राहिली. शहाडचा पूल चढताना छातीत दाब वाटला. वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. तपासणीत हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद निघाली. स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवावी लागली.

घरी सौ. म्हणाली, "सायकल भंगारात द्या." डॉक्टरांनी मात्र आधी चालणे, मग सपाट रस्ता, अशी पायरी-पायरीने परवानगी दिली. नाडी संथ ठेवणारी गोळी चालू असल्याने नाडीचे जुने आकडे निरुपयोगी झाले. आता खूण एकच : पॅडल मारताना सलग वाक्य बोलता आले पाहिजे.

नवे वाण लावले की त्याचे खाते वेगळे. मीही वहीत नवे पान उघडले.

फ्रान्सच्या रोबेर मार्शांनी २०१२ साली शंभराव्या वर्षी तासात सुमारे २४ किलोमीटर सायकल चालवली. २०१४ साली, १०२ व्या वर्षी, तेच अंतर सुमारे २७ वर गेले. त्यांच्याशी माझी बरोबरी नाही. पण उतारवयातही सरावाने आकडा सुधारतो, एवढे त्यातून घ्यावे.

बाजाराला, डेअरीला सायकलने जाणाऱ्यांनी ठरलेल्या एका वाटेची वेळ महिन्यातून एकदा लिहून ठेवावी. वारा नि झोपही लिहावी, नाहीतर आकडा फसवतो. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम असे काही झाले, तर वही-घड्याळ विसरून उतरावे आणि थेट दवाखाना गाठावा.

नव्या पानावरचा पहिला आकडा ५८ मिनिटांचा आहे, गेल्या रविवारचा ५१. तो सौ.ने स्वतः घड्याळ पाहून लिहिला.