जेवत नाही म्हणजे माज नव्हे

भूक काय असते हे आपल्या समाजाला कुणी सांगायला नको. आमच्या आजोबांच्या पिढीने गावकीची कामे करून त्या बदल्यात शिळे तुकडे मागून आणले. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आईवडिलांनी खडी फोडून सुकडीवर दिवस काढले. म्हणूनच आपल्या घराघरांत एक शिस्त आहे. ताटात पडेल ते खायचे, अन्नाला नावे ठेवायची नाहीत. ही शिस्त कष्टातून आलेली आहे आणि आम्हाला तिचा अभिमान आहे. परंतु याच शिस्तीच्या नावाखाली आपल्यातील काही मुलामुलींवर अन्याय होतो, कधी जिवावरही बेतते. त्याविषयी आज चार गोष्टी लिहावयाच्या आहेत.

आमच्या ताईची मुलगी लहानपणापासून पांढरा भात, दही आणि एकाच प्रकारची बिस्किटे एवढेच खाई. भाताला वरणाचा थेंब लागला तरी ताट सरकवी. फोडणीचा वास आला की तिला ओकारी येई. लग्नाच्या पंगतीत ती कानांवर हात ठेवून बसे. नातेवाईक म्हणत, "पोरगी लाडावलीय. दोन दिवस उपाशी ठेवा, मुकाट्यानं सगळं खाईल." तसेही करून झाले. दोन दिवसांनीही तिने भाकरीला हात लावला नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्याच एका म्हातारीने देवऋषाचे नाव सुचवले, ते मात्र ताईने मोडून काढले. दहावीनंतर मुलीने होता तो भातही कमी केला. पाळी थांबली. एके दिवशी कॉलेजच्या जिन्यात ती चक्कर येऊन पडली. एका दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि तिथल्या डॉक्टरांनी ताईलाच सुनावले, "घरात नीट करून घालत जा." पुढे एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आईला बाहेर बसवून मुलीशी तासभर बोलणे केले, नंतर आईशी बोलल्या, आणखी दोन-तीन वेळा बोलावले. मग त्यांनी सांगितले की मुलगी स्वमग्न आहे आणि जेवणाचा आजार त्याच्याशी जोडलेला आहे. मुलगी तेव्हा १७ वर्षांची होती.

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा शब्द आम्ही ऐकला होता. पण तो न बोलणाऱ्या लहान मुलांच्या संदर्भात. वर्गात पहिल्या पाचांत येणारी मुलगी स्वमग्न कशी, हे कळेना. म्हणून आम्ही वाचायला बसलो. आमचे शिक्षण बी. कॉम.चे, डॉक्टरी भाषा अवघड. पण कारकुनाला कागद चिकाटीने वाचण्याची आणि आकडे ताडून पाहण्याची सवय असते, ती कामी आली.

अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची माहिती देऊन स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्या ११ पैकी ६ मुलांना जन्मापासूनच खाण्याचा मोठा त्रास होता, अशी नोंद त्यांनी त्याच लेखात केली आहे. म्हणजे गोष्ट पहिल्या दिवसापासून कागदावर होती. तरीही पुढची कित्येक वर्षे स्वमग्नता हा मुलग्यांचा आजार आणि अन्न सोडण्याचा ‘अॅनोरेक्सिया’ हा मुलींचा आजार, अशी दोन कपाटे करून डॉक्टर बसले. १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम यांनी पुस्तक लिहून स्वमग्नतेचा दोष आईच्या थंडपणावर टाकला. ते म्हणणे पुढे खोटे ठरले, पण तोवर हजारो आया रडल्या. आमच्या ताईला ऐकावे लागले ते याच जातीचे होते.

स्वीडनमधील गोथेनबर्गचे डॉ. क्रिस्टोफर गिलबर्ग यांनी १९८३ साली सरळ प्रश्न विचारला, की या दोन आजारांचे काही नाते आहे काय? मग तेथे अॅनोरेक्सिया झालेल्या ५१ तरुण व्यक्ती आणि तुलनेसाठी निरोगी ५१ व्यक्ती निवडून त्यांचा सुमारे ३० वर्षे मागोवा घेतला गेला. येथे एक शंका रास्त होती. उपासमारीनेच माणूस हट्टी आणि एकलकोंडा होतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट पुरुषांना स्वखुशीने अर्धपोटी ठेवून पाहिले, तर ते उदास झाले, माणसांत मिसळेनासे झाले आणि रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. मग अॅनोरेक्सियाच्या रुग्णात दिसते ती स्वमग्नता की नुसती उपासमार? स्वीडनच्या अभ्यासाचे मोल इथे आहे. वजन भरून आले, आजार मागे पडला, तरी त्यांतील काहींचे स्वमग्नतेचे गुण कायम राहिले. ते आधीपासूनचेच होते. कुणी विचारले नव्हते इतकेच. अॅनोरेक्सियाचे उपचार घेणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे २० ते ३० टक्के स्त्रियांत असे गुण ठळकपणे आढळतात, असे पुढच्या अनेक अभ्यासांतून दिसले. मानसिक आजारांत ज्यांनी सर्वाधिक जीव जातात त्यांत अॅनोरेक्सिया मोडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या टक्केवारीचा अर्थ कळतो.

न खाण्याची कारणेही एक नाहीत. वजन वाढण्याची भीती हेच एक कारण डॉक्टर धरून चालत. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आजारांच्या यादीत एक नवे नाव घातले. त्यात वजनाची भीती नसतेच. वास, चव, स्पर्श सहन न होणे, ठसका लागण्याची धास्ती किंवा भुकेचीच जाणीव नसणे, यांमुळे माणूस अन्न टाळतो. आमच्या भाचीला आम्ही एकदा विचारले तेव्हा ती म्हणाली, "मामा, भाजीतला कांदा तुम्हाला कांदा लागतो. मला तो दाताखाली केस आल्यासारखा लागतो." भूक लागली की पोटात काय होते, हे तिला नेमके ओळखताच येत नाही. घड्याळ पाहून जेवावे लागते. कॉलेजात मैत्रिणींची बोलणी उमगेनात, गोंगाट सोसवेना, तेव्हा घास मोजून खाणे एवढी एकच गोष्ट तिला आपल्या हातातली वाटली. लंडनच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मुलाखतींत स्वमग्न स्त्रियांनी जवळपास हेच सांगितले आहे. हजारो मैल दूरच्या त्या बायकांचे बोलणे वाचताना आम्हाला आमचीच पोर बोलते आहे असे वाटले.

या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि ती बोलायला आपल्याकडे लोक कचरतात. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झाली पण मन मुलाचे आहे, किंवा त्याच्या उलट, किंवा दोन्हीत बसत नाही, अशी माणसे सर्व समाजांत आहेत, आपल्यातही आहेत. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२० साली सुमारे ६ लाख ४० हजार लोकांची माहिती तपासली. अशा व्यक्तींमध्ये स्वमग्न असण्याचे प्रमाण इतरांच्या ३ ते ६ पट आढळले. २०१५ साली अमेरिकेत २२३ विद्यापीठांतील २ लाख ८९ हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मागील वर्षभरात खाण्याच्या विकाराचे निदान झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण पारलिंगी विद्यार्थ्यांत जवळजवळ १६ टक्के होते. इतर सर्वसाधारण मुलींत ते २ टक्क्यांच्याही आत होते.

याचे कारण आम्हाला आकड्यांतून कळले नाही, विहारातल्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका तरुणाकडून कळले. घरच्यांनी त्याला मुलगी म्हणून वाढवले. सदा मोठा सदरा घालून कोपऱ्यात बसे, डबा कधी आणत नसे. ओळख वाढल्यावर एके दिवशी म्हणाला, "दादा, मला बारीक व्हायचं नाहीये. हे अंग माझं वाटत नाही, ते वाढू नये म्हणून खात नाही." अशा मुलाला "खा, म्हणजे अंग भरेल" असे सांगणे म्हणजे त्याला ज्याची धास्ती आहे तेच पुढे करणे होय. त्याने सांगितलेल्या नावाने हाक मारावी, त्याच्या लिंगभावाचा मान राखून उपचार व्हावेत, तर खाण्याचा त्रासही कमी होतो असे काही अभ्यासांत दिसले आहे. आपला लिंगभाव आपण ठरवण्याचा हक्क घटनेनेच दिला आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला होता. ज्या घटनेला आपण वंदन करतो तिचाच हा अर्थ आहे.

उपचार कसे बदलतात तेही पाहण्यासारखे आहे. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात डॉ. केट चँतुरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पीस’ नावाची पद्धत बसवली. आधी सर्व रुग्णांना एकत्र बसवून रोज निरनिराळे पदार्थ खायला लावीत. स्वमग्न रुग्णांना ते सोसेना. मग वॉर्डातला गोंगाट कमी केला, रंग सौम्य केले, सौम्य चवीच्या आणि रोज सारख्याच दिसणाऱ्या पदार्थांची वेगळी यादी केली. उद्या काय होणार हे आदल्या दिवशी सांगू लागले. कोणते आवाज, कोणते वास सोसत नाहीत, हे रुग्णानेच लिहून द्यावे अशी सोय केली. अशा रुग्णांचा रुग्णालयातील मुक्काम त्यामुळे कमी झाल्याचे त्यांनी नोंदवले आहे. यात कुठेही महागडे यंत्र नाही. रुग्णाला विचारले, एवढेच.

आम्हाला या सगळ्यात हीच गोष्ट मोलाची वाटली. कित्येक वर्षे संशोधन झाले ते मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या स्त्रियांवर, आणि प्रश्न ठरवले ते डॉक्टरांनी. आता एडिनबरा विद्यापीठासारख्या ठिकाणी स्वमग्न माणसे स्वतः संशोधनाचे प्रश्न ठरवायला बसतात. आपल्याला हे नवीन वाटू नये. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी हेच मांडले होते, की अस्पृश्यांचे म्हणणे अस्पृश्यांचाच प्रतिनिधी मांडू शकेल, दुसऱ्याने त्यांच्या वतीने बोलून भागणार नाही. हा नियम फक्त कायदेमंडळापुरता नाही, तो आपल्या स्वयंपाकघरातही लागू आहे.

अट्ठकथेत आळवी गावची हकिकत आहे. हरवलेला बैल शोधून दमलेला एक गरीब शेतकरी उपाशीपोटी प्रवचनाला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले, मगच धम्म सांगितला. समोरच्याची अवस्था पाहून वागावे, हा त्यातला बोध आम्ही घेतो. कुणाला आधी ताट द्यावे लागते, कुणाला आधी शांत कोपरा द्यावा लागतो.

मायबहिणींनो आणि बांधवांनो, प्रत्येक स्वमग्न मुलाला हा आजार होतो असे नाही, प्रत्येक पारलिंगी व्यक्तीलाही नाही. पण घरात कुणाचे खाणे मोजक्या दोन-तीन पदार्थांवर आले असेल, वजन उतरत असेल, पाळी थांबली असेल, चक्कर येत असेल, तर माज म्हणून सोडून देऊ नका. मारून, कोंडून, उपाशी ठेवून हे बरे होत नाही. आधी डॉक्टरांना दाखवा, कारण उपासमारीचा घाव हृदयावरही पडतो. मग मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि स्वमग्नतेबद्दल आपण होऊन विचारा. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फुकट, मराठीतही सल्ला मिळतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. दाखला काढून घ्या, लाजू नका. जे दोन पदार्थ मूल खाते ते काढून घेऊ नका, त्यांच्या बाजूला तिसरा ठेवा आणि वाट पाहा.

विहार समित्यांनाही विनंती आहे. १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला आपण भोजनदान करतो. त्या दिवशी कर्ण्यापासून दूर एक खोली मोकळी ठेवावी, साधा भात वेगळा काढून ठेवावा, आणि कुणी जेवला नाही तर चारचौघांत त्याला टोकू नये. आमची भाची गेल्या पौर्णिमेला अशा खोलीत बसून दहीभात जेवली. खीर तिने घेतली नाही. कुणी आग्रहही केला नाही.