पट्टी होईपर्यंत चहा कुठं प्यायचा?

आज फवारणीचं काही नाही. पुण्याला माल घेऊन जाणाऱ्या दोघातिघांनी विचारलं होतं, की मार्केट यार्डात लिलाव सकाळीच उरकतो, पट्टी हातात पडेपर्यंत दुपार होते, तर तोवर बसायचं कुठं आणि बरा चहा कुठं मिळतो. गेल्या आठवड्यात डाळिंब घेऊन गेलो तेव्हा ह्या विषयाचा जरा जास्तच अभ्यास करून आलोय. का, ते पुढं सांगतो.

जेवायचं असेल तर हमाल पंचायतीची 'कष्टाची भाकर' केंद्रं पुण्यात १९७४ पासून आहेत. स्वस्त आणि पोटभर. त्यावर जास्त सांगायला नको. यार्डातल्या टपरीवरचा चहा उभ्यानं प्यायचा, आणि साखर अशी की टपरीवाला कारखान्याचा सभासद वाटावा. तरतरी येते, पण तो काही दुपारचा चहा नव्हे.

स्वारगेटला आलात की मेट्रोत बसायचं, पुढचंच स्टेशन मंडई. तिथनं लक्ष्मी रस्त्याकडं चालत सोन्या मारुती चौक गाठायचा. तिथं आद्य अमृततुल्य आहे, १९२४ सालचं. पुण्यात अमृततुल्य म्हणजे दुकानाचं नाव नाही, जातच आहे ती. दारातच ओट्यावर बसलेला माणूस, पुढ्यात पितळी पातेलं, बाजूला खलबत्ता. आलं-वेलदोडा तिथल्या तिथं कुटणार, फडक्यानं गाळणार. हा धंदा उभा करणारी बरीच घराणी मूळची राजस्थानातली, श्रीमाळी ब्राह्मण. शंभर वर्षांमागं इथं आली आणि आपल्याच दुधावर नाव कमावलं. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, हात आहे त्यांच्या चहाला. दुपारी तीनच्या सुमाराला जा. गर्दी कमी असते, पातेल्याकडं नीट बघता येतं.

मी अशा चार-पाच ठिकाणी बसलो. एका पेठेतल्या दुकानात (नाव राहू द्या) चहावाल्याला विचारलं, एका लिटरमागं कप किती निघतात? त्यानं माझ्या पायताणाकडं बघितलं नि ओळखलं. म्हणला, "काका, दुधाचं आहे ना तुमचं? वीस धरा." लिटरभर दूध, अर्धा लिटर पाणी, आटून आटून सत्तर मिलीचे वीस कप. कप बारा रुपयाला, म्हणजे २४० रुपये झाले. आमच्या संकलन केंद्रावर परवा ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला लिटरमागं ३२ पडले.

आता ह्यात लगेच कुणी लूट म्हणून आरोळी ठोकू नका. पत्ती, साखर, गॅस, दोन पोरं कामाला. मी त्याला म्हणलं, दूध महाग झालं तर कसं करणार? तो हसला. "दूध स्वस्तच आहे काका. भाडं महाग आहे."

रात्री गाडीत हेच डोक्यात घोळत होतं. चहात पत्ती आणि वेलदोडा सोडला तर सगळं आपल्याकडचं. साखर आपली, आलं साताऱ्याकडचं, दूध आपलं. आणि ह्या सगळ्यात पेठेतली दहा बाय दहाची जागाच वरचढ.

बसून निवांत प्यायचा असेल तर डेक्कनला गुडलक, १९३५ सालचं इराणी हॉटेल. बन मस्का घ्या, चहात बुडवा, कुणी हसत नाही. शेजारच्या टेबलावर कॉलेजची पोरं एका चहावर तासभर बसतात. किलोभर लोण्याला साडेतीन फॅटचं वीस-बावीस लिटर दूध लागतं, हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण नाही सांगितलं. दुपारची वेळ चांगली चालली होती त्यांची. मला विचाराल तर चव अमृततुल्यची आणि बसायला गुडलक.

आता अभ्यास कशासाठी, ते. आमचा धाकटा सव्वीस वर्षांचा. त्याचं म्हणणं, बारातल्या आठ गाई विकू आणि सोलापूर हायवेला चहाचं दुकान टाकू. त्या नव्या साखळी दुकानांपैकी एकाची शाखा घ्यायची. हिशेब वहीत मांडून आणला होता, वीस कपांसकट. मी म्हणलं, बघून येतो. घरातलं पेजवर मांडू नये असं हिचं म्हणणं असतं, पण ह्या वेळी तीच म्हणाली, लिही.

कारण तिसऱ्या दिवशी आम्ही बापलेक ओसरीवर तावातावानं बोलत होतो. तो गुंतवणूक म्हणायचा, मी शेण म्हणायचो. शेण कुठनं आणणार, डाळिंबाला काय घालणार? तेवढ्यात ही चहा घेऊन आली. म्हणाली, "तुम्ही दोघं पुण्याच्या चहाचं बोलताय. पहाटे चारला गोठ्यात कोण जातं? गुडघे कुणाचे दुखतात? मला विचारलं का कुणी?"

दोघंही गप्प. बारा गाईंचं दूध काढायचं मशीन घेऊ म्हणून मी तीन वर्षं बोलतोय. पेंडीची गोण सतराशेच्या घरात गेली, तिथं मशीन मागं पडलं. तिला चार गाई चालतील, दुकान चाललं तर आणि नाही चाललं तरी. आठ कुठल्या, ते तीच सांगणार. कपिलेला हात लावायचा नाही, एवढं मात्र आधीच सांगून ठेवलंय.

तर मंडळी, हायवेला चहाचं दुकान कुणी टाकलं असेल तर खरे आकडे सांगा. भाडं किती, अनामत किती, दिवसाला कप किती जातात, पावसाळ्यात किती पडतात. कंपनीच्या कागदावरचे नको, गल्ल्यातले सांगा. पोरगं सगळं वाचतंय, आणि रात्री जेवताना तिला वाचून दाखवतंय.