कारंज्याचा पुदिना

गेल्या माघ महिन्यात कारंज्याला जाणे झाले ते घराच्या कामासाठी. वडिलोपार्जित वाडा विकण्याचे आम्हा भावंडांचे ठरले होते आणि सर्वांत धाकटा व सेवानिवृत्त म्हणून कागदपत्रांची जबाबदारी माझ्याकडे आली होती. बँकेच्या नोकरीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालमत्तेचे कागद तपासले. स्वतःच्या घराचे कागद हाती घेताना मात्र चष्मा वारंवार पुसावा लागला.

अकोल्याहून निघून मूर्तिजापूरला वळलो. लहानपणी येथूनच शकुंतला ही यवतमाळकडे जाणारी अरुंद मापाची गाडी पकडून आम्ही कारंज्याला उतरत असू. ती गाडी आता बंद आहे. गावाजवळून समृद्धी महामार्ग गेला आहे. वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, तरी आमच्या पिढीच्या तोंडी अजून ‘अकोला जिल्ह्यातील कारंजा’ असेच येते.

कागदांखेरीज या प्रवासात माझे आणखी एक काम होते. मला आईचा पुदिना आणायचा होता.

त्याचे कारण सांगितले पाहिजे. निवृत्तीनंतर अकोल्याच्या घरी गच्चीवर चार कुंड्या मांडल्या आणि एका रोपवाटिकेतून पुदिन्याचे रोप विकत आणले. गडद हिरवी पाने, जांभळट देठ, वाढ उत्तम. सौभाग्यवतींनी मोठ्या उत्साहाने कैरी-पुदिन्याची चटणी वाटली. पहिल्याच घासाला नातवाने तोंड वाकडे केले आणि म्हणाला, ‘‘आजी, यात डोकेदुखीचा बाम घातला का?’’ दोष चटणीचा नव्हता. आणलेला पुदिनाच निराळा होता.

तेव्हापासून मी या वनस्पतीचा थोडा अभ्यास केला. आपण सरसकट ‘पुदिना’ म्हणतो, पण त्यात अनेक जाती आहेत. आपल्या स्वयंपाकातील पुदिना तो स्पिअरमिंट. त्याची पाने उजळ हिरवी, सुरकुतलेली, टोकदार व दातेरी असतात, ती देठाला जवळजवळ चिकटून येतात, आणि फुलांचा तुरा फांदीच्या टोकाला येतो. याच्या सुगंधाचे मूळ कार्व्होन या द्रव्यात आहे. म्हणून तो जिभेला गोडसर लागतो आणि चटणीत, ताकात, पन्ह्यात मिसळून जातो. मी आणलेला तो पेपरमिंट, म्हणजे स्पिअरमिंट आणि पाणपुदिना यांचा संकर. त्याच्या पानांना स्पष्ट देठ असतो आणि त्यात मेंथॉल भरपूर असते. उष्ण पाण्यात दोन पाने टाकून प्यायला तो उत्तम, चटणीला मात्र नव्हे. तिसरा जपानी पुदिना. त्याची फुले टोकाला न येता पानांच्या बगलेत झुबक्यांनी येतात. याच्या तेलात मेंथॉलचे प्रमाण सर्वांत अधिक असल्याने उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या परिसरात त्याची शेते आहेत. लखनौच्या ‘सीमॅप’ या संस्थेने त्याचे ‘कोसी’, ‘हिमालय’, ‘सिम-क्रांती’ असे वाण काढले आणि आज मेंथॉल पुदिन्याच्या तेलात भारत जगात अग्रेसर आहे. चौथा बर्गमॉट पुदिना. याची पाने गोलसर व गुळगुळीत असून चुरडली की लिंबूवर्गीय वास येतो. सरबताला तो शोभतो.

व्यापारी घरांतील वाचकांना यांपैकी जपानी पुदिन्याचा परिचय झाडापेक्षा बाजारातून अधिक असेल, कारण मेंथा तेलाचे वायदे होतात. वडिलांच्या किराणा दुकानात घट्ट बुचाच्या बरणीत ‘पुदिन्याचे फूल’ असे. ते फूल नव्हेच. ते मेंथॉलचे स्फटिक. बरणी उघडी राहिली तर माल हवेत उडून जातो, म्हणून वडील त्याची घट वेगळी धरत. कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल हे तीन कोरडे पदार्थ एकत्र करताच त्यांचे पाणी होते, त्याची अमृतधारा ते आम्हा मुलांसमोर करून दाखवीत. गंमत अशी की दुकानातील बरणीत एक पुदिना आणि मागच्या अंगणात दुसरा, हे आमच्या घरात कुणाच्याच ध्यानात आले नव्हते.

अंगणातील पुदिना आईच्या ताब्यात असे. न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या वाटेला, लिंबाच्या झाडाखाली दीड हात जागेत तो पसरलेला होता. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरात चवीचा भार पुदिना, कोथिंबीर, जिरे आणि लिंबू यांच्यावरच असतो. त्यामुळे पाहुणे आले की पहिली हाक अंगणाकडे जाई. बाजारातील जुडी मुळासकट उपटलेली असते. आई मात्र कात्रीने खालची दोन पेरे राखून वरचे शेंडे घेई, प्रत्येक पान ताटात उलटसुलट पाहून एखादा जीव असल्यास हळूच फांदीवर सोडी, मगच चटणी वाटे. चातुर्मासात आमच्या घरी पालेभाजी नसे. म्हणून आषाढ लागण्यापूर्वी ती पाने सावलीत वाळवून ठेवी आणि ताकात तीच भुकटी पडे. उन्हात वाळविली तर रंग आणि वास दोन्ही जातात, असे तिचे सांगणे होते.

वाड्याचे कुलूप उघडून मी प्रथम मागील अंगणात गेलो. आईला जाऊन सात वर्षे झाली होती आणि घर पाच वर्षे बंद होते. लिंबाचे झाड उभे होते. त्याखालची काळी माती भेगाळलेली होती आणि तिच्यात पुदिन्याची एक काडीही नव्हती. वऱ्हाडातील उन्हाळ्यात पाण्यावाचून तो टिकणे शक्यच नव्हते, हे मला ठाऊक असायला हवे होते. तरीही मी बराच वेळ ती जागा काठीने उकरीत बसलो. आई असताना दरवर्षी दिवाळीला येत होतो. एक काडी न्यावी, असे एकदाही सुचले नाही.

माझी चाहूल लागून शेजारच्या मावशी आल्या. ऐंशीच्या घरातील बाई. आईची आणि त्यांची पन्नास वर्षांची सोबत. मी काय शोधतो आहे ते कळताच त्या हसल्या आणि मला आपल्या घरी घेऊन गेल्या. त्यांच्या मोरीपाशी, फुटक्या माठात, तोच उजळ हिरवा पुदिना फुटत होता.

‘‘हा तुमच्या मायचाच हाये, भाऊ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिनं तो माहेराहून, रिसोडाहून आणला होता. एका उन्हाळ्यात माहा वाळला, तवा तिनं देल्ला. मंग एका पावसाळ्यात तिचा सडला, तवा म्या देल्ला. असंच चालू होतं.’’

पुदिन्याच्या जातींचा एकमेकींशी सहज संकर होतो आणि बियांपासून मूळ गुण तसाच उतरेल याचा भरवसा नसतो. जात जशीच्या तशी राखायची तर काडीच लावावी लागते. म्हणून घरचा पुदिना एकाच घरी ठेवला तर एखादा उन्हाळा त्याला संपवितो. चार घरी दिलेला असला तर कुठे ना कुठे तो राहतो. ठेवी आणि तारण यांत आयुष्य घालविलेल्या मला ही गोष्ट मावशींच्या मोरीपाशी उमगली.

परतताना काष्ठासंघाच्या मंदिरात दर्शन घेतले. कारंज्यात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची जुनी मंदिरे आहेत. गावातील शास्त्रभांडारांतील हस्तलिखितांच्या आधारे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील डॉ. हीरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’ (१९३३), ‘करकंडचरिउ’ (१९३४) असे अपभ्रंश ग्रंथ संपादित करून प्रसिद्ध केले. हे ग्रंथ शतकानुशतके टिकले, कारण कुणीतरी एका प्रतीवरून दुसरी प्रत उतरवून दुसऱ्या गावी दिली. तेथे बसलो असता मांडीवरच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दहा काड्या होत्या.

वाडा विकला गेला. काड्यांपैकी सात जगल्या. ज्यांना घरी पुदिना लावायचा असेल त्यांच्यासाठी माझा अनुभव सांगतो. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते व मुळे सडतात. म्हणून तीत वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे. बोटभर लांबीची, तीन-चार पेरांची काडी, खालची पाने काढून, निम्मी मातीत जाईल अशी लावावी. कुंडी उथळ पण पसरट असावी. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली त्याला मानवते. पानांच्या मागे तांबेऱ्याचे नारिंगी ठिपके दिसले तर ती फांदी लगेच काढावी. दोन जाती एका कुंडीत लावू नयेत. जोमदार जात दुसरीला झाकून टाकते.

आता अकोल्यात माझ्या कुंडीखेरीज पुण्याला मुलीकडे, नागपूरला थोरल्या भावाकडे आणि आमच्या मजल्यावरच्या दोन घरी हा रिसोडचा पुदिना आहे. मे महिन्यात माझी कुंडी जवळजवळ गेली होती. समोरच्या वहिनींनी त्यांच्याकडच्या चार काड्या आणून दिल्या. या दिवाळीत मावशींना भेटायला कारंज्याला जाणार आहे. त्यांचा माठ कसा आहे ते पाहायचे आहे. जाताना दहा काड्या बरोबर नेईन.