सहीचा हात

ज्वारीची काढणी चालू होती. सकाळी ओसरीत तोंड धूत होतो आणि समोर किल्ल्याच्या एका बुरुजाचे दोन झाले. डावी पापणी आपोआप मिटली, उजव्या हातातला तांब्या निसटला. शेजारणीनं बघताक्षणी सांगितलं, "गुरुजींच्या अंगावरून वारं गेलं."

धारूरहून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पोचलो. मेंदूच्या देठातली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली होती. पुढे व्यायाम, मालिश, काठी. अक्षय्य तृतीयेला चालत बाजारात गेलो. लोक म्हणाले, "गुरुजी, वाचलात!" मलाही तसंच वाटलं.

मृग निघाला आणि उजवा हात हलायला लागला.

आधी मांडीवर ठेवलेला हात नुसताच हले, संथ, कुणी ठेका धरल्यासारखा. मग चहाची कपबशी उचलवेना. कप तोंडाजवळ येईल तसा हात जास्तच हेलकावे खाई आणि चहा सदऱ्यावर. घरात विचारायचे, "अहो, थंडी वाजतीय का?" ऐन उकाड्यात! स्टँडवर एक जुना विद्यार्थी कानाशी येऊन म्हणाला, "गुरुजी, हात लई थरथरायलाय, चालू केली का काय?" जन्मभर दारूबंदीच्या फेऱ्या काढल्या होत्या. हसू आलं नाही. रात्री मात्र वेगळीच भीती असायची: दुसरा झटका तर नाही?

लातूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी हात आधी मांडीवर ठेवायला लावला, मग समोर धरायला, मग त्यांच्या बोटाला आणि माझ्या नाकाला लावायला. तिन्ही वेळा तो हललाच, आणि बोट नाकाशी येताना सगळ्यात जास्त. पार्किन्सनचा कंप बहुधा हात निवांत असताना दिसतो, कामाला लागला की कमी होतो. माझं उलट होतं. ते म्हणाले, "याला होम्सचा कंप म्हणतात. गॉर्डन होम्स या डॉक्टरांनी 1904 साली लिहून ठेवलाय. हा नवा झटका नाही. जुन्या झटक्यात ज्या तारा तुटल्या, त्यांचं जाळं पुढे आठवडे-महिने बदलत राहतं. म्हणून कंप उशिरा येतो."

एवढं कळलं आणि त्या रात्री झोप लागली. लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या सगळ्यांना लागू पडत नाहीत; मला थोड्या पडल्या. आता चहा अर्ध्या पेल्यातच घेतो, कोपर टेबलाला टेकवून. जेवायला डाव्या हातात चमचा.

सही मात्र गेली ती गेलीच. आयुष्यभर पोरांना वळणदार अक्षर शिकवलं, रात्री प्रौढांच्या वर्गात अंगठेबहाद्दरांकडून नाव गिरवून घेतलं. त्या वर्गात पहिल्या दिवसापासून आमची मंडळीही बसायची. पेन्शनचं खातं दोघांचं आहे. बँकेत माझी सही जुळेना, तेव्हा तिनं पदर सावरला आणि पेन हातात घेतलं.

आता दर महिन्याला तीच सही करते. कागद हलू नये म्हणून मी तो डाव्या हातानं दाबून धरतो. तिच्या नावातला 'र' अजून पुढे कलतो. मी काही बोलत नाही.