कालाव अव्हेन्यूवरचं सिनिगांग

मनिलात मला सगळ्यांत जास्त उबग आला तो मॉलांचा. बाहेर 2024 चा पावसाळा कोसळतोय आणि आत हुडहुडी भरवणारा एसी. इंत्रामुरोसची स्पॅनिश तटबंदी मी घाईघाईत उरकली. नंतर बोहोल बेटावर निळंशार पाणी पाहिलं, त्याचे फोटो कुठेही मिळतील.

लक्षात राहिला तो लुनेता बागेलगतचा कालाव अव्हेन्यू. तिथे खलाशांचा बाजार भरतो. एजंट फलक लावून बसलेले: ऑइलर पाहिजे, कुक पाहिजे. समोर कागदपत्रांच्या फायली कवटाळलेल्या पुरुषांची झुंबड. जगातल्या चार-पाच खलाशांमागे एक फिलिपिनो असतो.

सर आली म्हणून एका खानावळीत शिरलो. बाकावर शेजारी जहाजावरचे एक कुक होते, चाळिशीचे. माझ्यासाठी त्यांनीच बांगुस माशाचं सिनिगांग मागवलं. पातळ, वाफाळतं, चिंचेनं आंबट. आमसुलाच्या सारात मासा शिजवावा तसं. मी पुन्हा भात घेतला. त्यांनी मात्र नाक मुरडलं. "चिंच पाकिटातली आहे, सर."

एवढी जाण आहे तर इथेच हॉटेलात का राहत नाही, असं मी विचारलं. त्यांनी हिशेबच मांडला. मनिलात तेव्हा किमान मजुरी दिवसाला 645 पेसो, गावाकडे त्याहून कमी. शेत दुसऱ्याचं, वडील कूळ. थोरली नर्सिंगला, तिची फी या मजुरीत बसत नाही. "आणि शिकून ती जाणार कुठे? लंडनलाच!" जहाजावर पगार डॉलरमध्ये, पण मूळ पगारातले 80 टक्के घरी पाठवायचे, असं करारातच असतं.

हे 80 टक्के डोक्यातून जाईनात. रात्री वाचत बसलो. 1974 साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी कामगार कायदा आणला, तेव्हा देशात बेकारी होती आणि आखातात तेलाचा पैसा. त्या कायद्यातली माणसं बाहेर धाडण्याची तरतूद ही तात्पुरती सोय होती. 1982 मध्ये पैसे पाठवण्याची सक्ती आली. आता परदेशातून येणारा हा पैसा जीडीपीच्या आठ-नऊ टक्क्यांच्या घरात आहे. 1988 मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनोंनी या लोकांना 'नवे वीर' म्हटलं. वीर म्हटलं की घरी रोजगार द्यायची निकड उरत नाही.

खानावळीतलं बिल त्यांनी मला देऊ दिलं नव्हतं. उठताना म्हणाले, "तुमचे मुंबईचे कुक आमच्याहून स्वस्तात जातात म्हणे?"

"जातही असतील. पहिल्या जहाजासाठी आमची पोरं एजंटांना वर पैसे चारतात."

"आमची एजंटच्या ऑफिसात फुकट झाडू मारतात," ते म्हणाले आणि फाइल शर्टात खुपसून फलकांकडे निघाले.